टिकली नसलेली पेशंट

ब्लड बँकेचा फोन

ब्लड बँकेतून फोन आला तेव्हा मी वॉर्डात धुऊन आलेल्या चादरी ताब्यात घेत होते. पलीकडची मुलगी अदबीनं बोलत होती. "मॅडम, तुम्ही कॅम्पमध्ये रक्त दिलं होतं ना? त्यातली एक तपासणी परत करायची आहे. जरा येऊन जाल का? याच आठवड्यात आलात तर बरं."

मी सोलापुरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात स्टाफ नर्स होते. तो स्वर मला ओळखीचा होता. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी द्यायच्या आधी आम्हीही तोच लावतो. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून कुणी असं बोलावत नाही. कावीळ असेल असं धरून मी ड्युटी संपवली आणि गेले.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझ्या तब्येतीची इकडची तिकडची चौकशी सुरू केली.

मी म्हटलं, "सर, मी नर्स आहे. सरळ सांगा."

"एचआयव्ही पॉझिटिव्ह दाखवतंय," ते म्हणाले. "पण आमचा रिपोर्ट शेवटचा धरायचा नाही. सरकारी दवाखान्यात परत तपासून घ्या."

"माझी रक्ताची पिशवी?"

"बाद केली. कुणाला गेलेली नाही."

त्या दिवसात ऐकलेलं तेवढं एकच वाक्य बरं होतं. मी पाणी प्यायले, आभार मानले आणि बाहेर येऊन स्कूटीची किल्ली शोधू लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. उत्तर तेच आलं.

कुठून

तिथले समुपदेशक माझ्याच वयाचे होते. त्यांनी विचारायचे ते प्रश्न विचारले. नवरा, नवऱ्याव्यतिरिक्त कुणी, कधी रक्त चढवलं का, ऑपरेशन, सुई. मी एकेकाला उत्तर देत गेले. पेशंटला हेच प्रश्न विचारताना आपण किती सहज विचारतो, ते समोरच्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

मी वर्षातून दोनदा रक्तदान करायचे. आधीच्या वेळी रक्त स्वच्छ होतं, या वेळी नाही. म्हणजे जे काय झालं ते या दोन कॅम्पच्या मधे. दोन-तीन दिवसांत नवऱ्याची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. उरली सुई. त्या काळात मला एकदाच सुई लागली होती. कुणाच्या बाळंतपणात, तेही मला आठवत होतं.

तिला मी इथे रेणुका म्हणते. नाव खरं नाही. वळसंगच्या पुढे, आत एक गाव आहे, तिथली. गावाचं नावही लिहीत नाही. तिला विचारून हे लिहिते आहे आणि तिनं घातलेली अट तीच होती.

रेणुकाचं पहिलं बाळंतपण. दुपारी मुलगी झाली, रडली, सगळं ठीक. आणि मग रक्तस्राव थांबेना. अशा वेळी दोन्ही हातांत सलाईन लावावं लागतं. एका हाताला होतं, दुसऱ्या हाताची शीर मिळत नव्हती. ग्लोव्हजमधून शीर लागत नाही म्हणून मी ग्लोव्हज काढले. शीर सापडली, सुई आत गेली, नळी बसली, आणि सुई बाहेर काढताना रेणुकानं हात झटकला. सुई माझ्या तर्जनीच्या मुळाशी खोल गेली. मी नळाखाली बोट धरलं, स्पिरिटचा बोळा दाबला आणि परत कामाला लागले. रेणुका वाचली. संध्याकाळी बोट दुखत होतं, एवढंच.

मी कुणालाच सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असंच वाटलं नाही, कारण रेणुकाच्या केसपेपरवर टिकली नव्हती.

टिकली

ही टिकलीची पद्धत आमच्याकडे कुणी सुरू केली, कोण जाणे. बायका कपाळाला लावतात त्या लाल टिकल्यांचं पाकीट नर्सेसच्या टेबलाच्या खणात असायचं. गरोदरपणातल्या तपासणीत एखादीला एचआयव्ही किंवा कावीळ निघाली की तिच्या केसपेपरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवायची. लिहायचं काही नाही, बोलायचं काही नाही, म्हणजे पेशंटची अब्रूही राहते, असा आमचा समज. प्रत्यक्षात झाडूवाल्यापासून मेडिकलच्या दुकानापर्यंत सगळ्यांना टिकलीचा अर्थ माहीत होता.

टिकलीवालीचं ऑपरेशन सगळ्यांत शेवटी. तिच्यासाठी दोन-दोन ग्लोव्हज, चष्मा, प्लास्टिकचा एप्रन. आमच्या शांतामावशी लेबर रूमच्या दारातूनच विचारायच्या, "सिस्टर, टिकली हाय का साधी?" साधी म्हटलं की सगळे सैल. मास्क गळ्यात, ग्लोव्हज हाताला लागतील तसे, वापरलेल्या सुया ट्रेमध्ये उघड्या.

टिकलीवालीच्या वेळी आम्ही इतकं जपायचो की तिच्याकडून आम्हाला काही होणं कठीण होतं. जे व्हायचं ते साधीकडूनच होणार होतं. मी पंचवीस वर्षं या कामात होते आणि हे मला बोट टोचून घेतल्यावर समजलं.

रेणुकाची तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली होती. त्यानंतर सहा महिने पोट वाढत होतं आणि नवरा पुण्याहून ये-जा करत होता. परत तपासणी कुणी केली नाही. केसपेपर साधा होता.

बोट टोचलं त्याच दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले असते तर महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या असत्या आणि बहुतेक हे टळलं असतं. हे एकदाच लिहिते. त्याचा विचार करण्यात मी पुरेसा वेळ घालवला आहे.

घरी

नवरा एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या त्यांना सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, जणू काही गळतंय.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"केतकीला नको सांगू." केतकी आमची मुलगी, फार्मसी कॉलेजात शेवटच्या वर्षाला.

"तिला सांगणारच. घरात गोळ्या येणार आहेत, ती डबी वाचणार."

त्यांची तपासणी होऊन निगेटिव्ह आल्यावर त्यांनी विचारलं, "सुईनंच ना?"

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"काही नाही. विचारलं."

ते वाक्य अजून आमच्या घरात आहे. त्यानंतर त्यांनी कधी तसं विचारलं नाही. पण पाण्याचा स्टीलचा ग्लास त्यांनी स्वतःसाठी वेगळा काढला, फडताळात मागे ठेवायला लागले. त्यांना सगळं माहीत होतं. ग्लासातून, ताटातून हे लागत नाही, त्यांनी स्वतः समुपदेशकांकडून ऐकलं होतं. तरी ग्लास मागेच. केतकीनं एक दिवस तो ग्लास काढला, त्यात चहा ओतला आणि माझ्यासमोर ठेवला. बाबा बघत होते. "काय बाबा, तुमचा होता का हा?" ती म्हणाली. ग्लास परत मांडणीत आला.

माझ्या मोबाइलवर रोज रात्री गोळीचा अलार्म केतकीनंच लावला. त्याला नाव दिलं 'भाजी निवड'. लोकांसमोर वाजला तर अडचण नको. पहिले काही दिवस गोळीनं डोकं जड व्हायचं. मग सवय झाली. शरीराचं सांगायचं तर एवढंच आहे. या आजारात शरीर सगळ्यांत कमी त्रास देतं, निदान मला तरी.

माझे हात

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी पहिला प्रश्न कामाचा विचारला. मी किती जगेन हा नंतरचा. "मी लेबर रूममध्ये काम करू शकते का?"

"औषध नियमित घेतलंत तर काही महिन्यांत विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही. मग करा."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत टाक्यांना, सुईच्या कामाला हात लावू नका. बाकी पेशंटची कामं करा. आणि तुमच्या हॉस्पिटलला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. सक्ती नाही."

बोट टोचल्यापासून निदानापर्यंत मी किती बाळंतपणांत हात घातले होते, ते मी आठवू लागले. टाके डॉक्टर मॅडम घालायच्या, मी सुई पकडून द्यायचे. माझ्या हाताला कधी जखम होती का, कुणाच्या टाक्यात माझं रक्त गेलं असेल का. डॉक्टर म्हणाले, शक्यता नसल्यातच जमा. माझंही डोकं तेच सांगत होतं. पण रोज अंघोळीच्या वेळी मी दोन्ही हात उलटेपालटे करून बघायचे.

त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. मला रेणुकाकडून झालं असेल, तर रेणुकाला आहे. तिला माहीत नाही. आणि ती बाळाला अंगावर पाजते आहे. बाळ साडेतीन-चार महिन्यांचं झालं होतं.

मॅडम

आमच्या डॉक्टर मॅडम वाईट बाई नाहीत. मी त्यांच्याकडे त्यांचं हॉस्पिटल तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होतं तेव्हापासून होते. मी सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला, आणि धरलेला लगेच सोडला नाही. हे मी विसरलेले नाही.

"सिस्टर, तुम्ही काउंटरला बसा. पगार तोच. कुणाला काही कळणार नाही."

"मॅडम, रेणुकाला बोलवायला पाहिजे. तिला आणि बाळाला."

त्यांनी हात सोडला. "कशाच्या आधारावर? तुम्हाला तिच्याकडून झालं हे कुठं सिद्ध आहे? सुई लागली ती तुम्ही नोंदवली नाही."

"ती निगेटिव्ह असेल तर चांगलंच आहे की. नुसतं तपासायला बोलवायचं."

"कारण काय सांगणार? तिसऱ्या महिन्यानंतर परत तपासणी का नाही केली, हे तिच्या घरचे विचारतील. मग काय, पेपरात फोटो माझा येईल. आणि तुमचाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी समुपदेशकांना विचारलं. तेही अडचणीत पडले. रेणुका त्यांच्याकडे आलेली नाही, तपासलेली नाही, तिच्याबद्दल कुणाला काय सांगणार? आणि माझ्याबद्दल तिला सांगायचं तर माझी परवानगी पाहिजे.

"परवानगी काय, मीच सांगते," मी म्हटलं.

"बाई, विचार करा. गाव लहान असतं," ते म्हणाले.

गावात

मी एसटीनं गेले. रेणुकाची सासू अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला ओळखून उठली. "या की सिस्टर. कुनीकडं वाट चुकलात?"

"हिकडं एका पेशंटकडं आले होते. म्हटलं, रेणुकाचे टाके बघून जावं."

"आता कसले टाके? चार म्हयनं झालं की."

"रक्त लई गेलं होतं ना हिचं. बघावं लागतं."

रेणुकाला एकटीला आत न्यायला माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिनं दार पुढे केलं आणि साडी सोडायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. बस. टाक्यांचं नाही."

जेवढं साधं सांगता येईल तेवढं सांगितलं. मला एचआयव्ही निघाला आहे. तुझ्या बाळंतपणात मला सुई लागली होती. तुझ्याकडूनच झालं असं मी म्हणत नाही, पण तू तपासून घ्यावंस. आणि बाळालाही.

ती घाबरली असं मला दिसलं नाही. ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"दुधातनं जातंय का?"

"जाऊ शकतं. म्हणून आले. पण आत्ताच दूध तोडू नको. आधी तपास, मग डॉक्टर सांगतील तसं कर."

"दोन म्हयनं झालं, हिला सारखी हगवण लागतीया," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ह्यांना पन ताप येतोय, लई दिसांपासनं. पुण्याला गोळ्या घेत्यात कसल्या तरी."

मी बाळाचा पाय हातात घेऊन बघितला.

"आत्याला काय सांगू?" आत्या म्हणजे सासू. "असं कसं जाऊ देतील मला तालुक्याला?"

"तुला सुचेल ते सांग."

ती विचार करत होती. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. "तुमाला झालंय, म्हनून दवाखान्यानं सगळ्यास्नी तपासायला बलिवलंय. असं सांगू का?"

याचं पुढे काय होणार, ते मला तिथंच कळायला हवं होतं. एक मिनिट विचार केला असता तर कळलंही असतं. पण बाळाचे पाय काड्यांसारखे होते आणि मी वजनाचा अंदाज घेत होते.

"सांग," मी म्हटलं.

माझ्या नावावर

त्याच आठवड्यात तिघांची तपासणी झाली. रेणुका पॉझिटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. बाळाची वेगळी तपासणी करावी लागते, तिचा रिपोर्ट यायला वेळ लागला. तोही पॉझिटिव्ह.

नवऱ्याची प्रतिकारशक्ती फार खाली गेली होती. नव्यानं लागण झालेल्याची इतकी खाली जात नाही. ती जायला वर्षं लागतात. हे पुढे रेणुकानंच मला सांगितलं, डॉक्टर तिच्यासमोर बोलले होते. पण घरात गोष्ट तोपर्यंत दुसरीच तयार झाली होती. सिस्टरला रोग होता. सिस्टरनं सुनेला सुई टोचली. सुनेचं लेकाला आणि नातीला झालं.

सगळे मिळून हॉस्पिटलमध्ये आले. मी काउंटरलाच होते. सासू पुढे होती. "हीच ती. हिनंच केलं. रोग लपवून बाळंतपनं करतीया. आमचं घर धुवून काढलं हिनं." मागे दोन पुरुष व्हिडिओ काढत होते. ओपीडीत बसलेल्या पोटुश्या बायका एकेक करून उठल्या.

रेणुका कोपऱ्यात बाळाला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. "सिस्टर, थोडे दिवस घरी बसा." त्या वेळी माझा हात धरला नाही. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि परत फोनही केला नाही. काही दिवसांनी शांतामावशी माझा डबा, एप्रन आणि चपला पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्या माझ्याच ग्लासातून पाणी प्यायल्या, मुद्दाम, मला दिसेल असं.

"काय म्हणतात सगळे?" मी विचारलं.

"बायका तपासायला येऊ लागल्या ओ. तुमच्या हातानं बाळंत झालेल्या. रडत येतेत. सगळ्या चांगल्या निघल्या."

ते ऐकून मला जे वाटलं ते त्या काउंटरवरच्या शिव्यांपेक्षा जड होतं. ज्या बायकांच्या कळा मी मोजल्या, त्या आता माझ्यामुळे रात्रभर जागत होत्या. आणि आधीच्या रक्तदानाच्या रिपोर्टवरून मला त्यांना सांगता आलं असतं की रेणुकाच्या बाळंतपणाच्या आधी माझं रक्त स्वच्छ होतं.

समुपदेशकांनी तेच सुचवलं. "तक्रार करा. असं काढता येत नाही कामावरून. कायदा आहे. आणि तुमच्याकडे पुरावा आहे." मी घरी कागद काढून बसले. नवरा बाजूला बसून मुद्दे सांगत होता. बऱ्याच दिवसांनी ते माझ्या बाजूनं बोलत होते.

रेणुकाचा फोन तेव्हाच आला. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून.

"सिस्टर, मी पाया पडते. तुमी काय बोलू नका."

"रेणुका, माझी नोकरी गेली."

"म्हाईत हाय. मला खरं बी म्हाईत हाय. ह्यांनी कबूल केलंय माझ्याजवळ. पन आत्या म्हनत्यात, पोरगं आपलं न्हाई तसलं. तुमचं नाव निघालं न्हाई तर माझं निघंल. ह्यांचं न्हाई निघनार. तुमच्या नावावर हाय तवर मी घरात हाय. बाळाला औषध मिळतंय."

मी कागद उलटा ठेवला.

नवरा म्हणाला, "काय झालं?" मी सांगितलं. ते चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "तू काय देवी आहेस? पंचवीस वर्षं काम केलंस. आपण या गल्लीत राहतो. केतकीचं लग्न व्हायचंय."

"बाळ पाच महिन्यांचं आहे," मी म्हटलं.

"आणि आपली मुलगी?"

केतकी आतून म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचं तुम्ही नका बघू. ज्याला या गोष्टीची भीती वाटते तो मला तसाही नकोय." ते हसले नाहीत. मीही नाही. तक्रार मी दिली नाही.

बरोबर केलं का, हे मी सांगू शकत नाही. भीतीनं तपासायला आलेल्या त्या बायकांना विचारलं तर त्या नाही म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोडता येणार नाही. माझ्या जागी दुसरी असती तर तिनं तक्रार करावी असंच मी तिला सांगितलं असतं.

आता

मी एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. प्राचार्यांना मुलाखतीतच सगळं सांगितलं. त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं आणि विचारलं, "सकाळची बॅच घ्याल का?"

मुलींना मी जे सांगते ते इथेही लिहिते, कारण बऱ्याचजणी नोकरीला लागल्यावर विसरतात. प्रत्येक पेशंटला एकसारखं जपा. केसपेपर स्वच्छ आहे म्हणून हात सैल सोडू नका. सुई लागली तर साबण-पाण्यानं धुवा, बोट पिळू नका, आणि पेशंट कोणीही असो, त्याच दिवशी सांगा आणि सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या पहिल्या काही तासांत सुरू व्हायला पाहिजेत, तीन दिवसांनंतर उपयोग नाही. मॅडम काय म्हणतील, याचा विचार नंतर करा. आणि तुम्हाला झालं तर कामाला नालायक झालात असं कुणाला म्हणू देऊ नका. माझ्या रक्तात आता विषाणू तपासणीत दिसत नाही. कुणाच्याही शिरेला हात लावायला मी लायक आहे. फक्त कुणी लावू देत नाही.

बाकावर

औषधं घ्यायला महिन्यातून एकदा सरकारी केंद्रात जावं लागतं. तिथे पेशंट जास्त आणि बाकं कमी. तिथं येणारे शक्यतो एकमेकांकडे बघत नाहीत.

मागच्या खेपेला माझ्या शेजारची जागा रिकामी झाली आणि रेणुकाची सासू येऊन बसली. कडेवर नात. रेणुका शेताच्या कामाला गेली होती, तिचा नवरा अंथरुणावर होता, म्हणून म्हातारी एकटीच आली होती. मला बघून ती उठेल असं वाटलं. उठली नाही. दुसरी जागाच नव्हती.

पलीकडच्या बाईनं तिला विचारलं, "लेकराला कसं झालं वो मावशी?"

"ह्या सिस्टरमुळं," ती माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली. आवाजात राग नव्हता. एसटी कुठून सुटते हे सांगावं तसं.

पलीकडची बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मोबाइल काढला आणि परत पिशवीत ठेवला.

पोरगी आता वर्षाच्या वर गेली आहे. अंगानं भरली आहे, दोन दात आले आहेत. म्हातारीनं पिशवीतून औषधाची बाटली आणि चमचा काढला आणि तिच्या तोंडाशी नेला. पोरीनं तोंड घट्ट मिटलं. दुसऱ्यांदा नेला, तिनं फुर्र करून सगळं म्हातारीच्या लुगड्यावर उडवलं. म्हातारीनं तिला एक चापट मारली, पोरगी रडायला लागली.

"रोज असंच करती. निम्मं औषद भुईवर," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग तिनं पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बाटली हातात दिली. "तुमी पाजा. तुमाला येतंय."

मी पोरीचं डोकं कोपरात घेतलं. औषध चमच्यात मोजून घेतलं, तोंडात न ओतता गालाच्या आतल्या बाजूनं थेंबथेंब सोडलं आणि तिच्या तोंडावर हलकी फुंकर मारली. तिनं गिळलं. माझ्याकडे रागानं बघत परत गिळलं.

"आसं व्हय," म्हातारी म्हणाली.

"समोरून नका देऊ. बाजूनं द्या. आणि चमचा नको, ड्रॉपर मागून घ्या खिडकीवर."

"घेते."

पलीकडची बाई सरकून थोडी लांब झाली. पोरगी माझ्या मांडीवरच होती. म्हातारी लुगड्यावरचं औषध पदरानं पुसत होती आणि तिला परत घ्यायची घाई करत नव्हती.